रोहित पक्ष्यांवरचा शिक्का

६ जानेवारी
प्रदर्शनासाठी पाकिटांवर भीमेकाठचे रोहित पक्षी रंगवून दिले, आणि माणूस विचारतो, "शिक्का कुठाय?" अशा माणसाच्या डोक्यात काय असतं?
माणूस म्हणजे दौंडचे भिमाजीमामा. रिटायर्ड रेल्वे गार्ड. पाकिटं जमवतात, तिथलं प्रदर्शनही तेच भरवतात. म्हणाले, "पोरी, चित्र झ्याक हाय. पण पोस्टातनं फिरल्याबिगर पाकीट कसलं?"
माफ केलं. उद्या शिरूर पोस्ट.

७ जानेवारी
पाकिटांवर मामांचाच पत्ता घातला. काउंटरवर कारकून नवनाथ. शिक्का कोपऱ्यात मारा म्हटलं, त्याने पक्ष्याच्या डोळ्यावर हाणला. वर तारीख कालची!
मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी गप्प बसले तर सिस्टीम सुधारणार कोण? प्रत्येक पाकिटावर आजच्या तारखेचा दुसरा शिक्का मारायला लावला. म्हणतो कसा, "मॅडम, पाकिटं हायेत का लग्नपत्रिका?"
सगळे शिक्के मोजून घेतले. जिंकले.

८ जानेवारी
आबांचा निकाल: प्रदर्शनात एक जरी पाकीट लागलं तर वर्षभर खुशाल रंगवत बस. न्हाईतर रांजणगावला कंपनीत कामाला. लगेच हो म्हटलं. आबांचीच कीव आली.

१२ जानेवारी
दौंडला जाऊन आले. मामांनी भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "चुकीच्या तारखेचा शिक्का! असला घावावा म्हणून जल्म गेला माझा. आन् तू त्याच्यावर दुसरा मारून घेतलास?"
पक्ष्यांबद्दल अवाक्षर नाही. सगळी पाकिटं नापास.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाल्ला, पण गोड बोलणार नाही. मामांना चार पानी खरमरीत पत्र लिहिलं. कोरं पाकीट, रंगाचा ठिपकाही नाही. मुद्दाम स्टॅम्प लावला नाही. डबल टपालखर्च त्यांनीच भरावा.

१९ जानेवारी
मामांचा फोन. मला वाटलं, माफी मागतील. "बिनतिकिटाचं पाकीट! शिरूर पोस्टाचा दंडाचा शिक्का काय सुरेख उठलाय! पयल्या फ्रेममधी लावतो. चित्र काढलं न्हाईस ते लई बरं केलंस."
पत्र वाचलं का, विचारलं. वाचायचं राहिलंय म्हणाले.
आबा खूश. "लागलं न्हवं एक? मग रंगव की आता."

२१ जानेवारी
बिनचित्राच्या पाकिटावर जिंकलेलं वर्ष मला नको. आज रांजणगावला कंपनीत रुजू झाले. मामांना कळवून टाकलं: पाकीट लावा, पण खाली कलाकार म्हणून नवनाथचं नाव घाला.