अप्पांचं प्यादं एकच घर

७ मे १९५६, कुंभकोणम्

अप्पा हरले! बुद्धिबळाच्या सामन्यांतला पहिलाच डाव! आणि कशापायी? राजाला घोड्यासारखी उडी मारायला लावली म्हणून! पंच म्हणाले, ही देशी चाल, इथे विलायती नियम. हात राजाला लागलाय, राजाच हलवा. हलवला—आणि मात.

महिनाभर घसा कोरडा केला मी. "अप्पा, नव्या खेळात राजाला हत्तीआड नेऊन किल्लेकोट करतात, उडी नाही." तर म्हणतात, "माझ्या आज्याचा राजा उडी मारी. तुझा लंगडा काय गे?"

८ मे

बोलत नाही मी त्यांच्याशी.

१० मे

अप्पांनी पुढचे दोन्ही डाव जिंकले. पण कसे! प्यादं एकेक घर. पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं—माझ्या शाळेतल्या धाकट्या पोरींना कळलं! अप्पा एक घर सरकवतात आणि मिशी कुरवाळतात. लोक हसतात. मी बायकांच्या बाकावर पदर तोंडाला लावून.

समोरचे गोंधळून हरले, हे खरं. पण उद्या गणिताचे प्रोफेसर कृष्णमूर्ती आहेत. ते गोंधळायचे नाहीत.

जेवताना भांडले. "राजापुढचं प्यादं दोन घरं! माझ्यासाठी!" अप्पा रस्सम भुरकत राहिले. अम्मा म्हणाली, "पोस्टात वरच्या साहेबाचं ऐकलं नाही कधी. तुझं ऐकतील?"

११ मे

ऐकलं!

प्यादं दोन घरं. मग घोडा, उंट, किल्लेकोटसुद्धा—मी शिकवलेलं सगळं, त्याच क्रमाने. मी बाकावरून उठून उभीच राहिले. माझं शिकवणं संपलं तिथे अप्पाही थांबले. हात पटावर अधांतरी. माझ्या बाकाकडे बघत होते; मग कृष्णमूर्तीही वळून बघू लागले. असं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हरले.

वाटेत मीच चिडले. "तुमचंच का नाही खेळलात? जिंकला असतात!"

"तू म्हणालीस ना, माझ्यासाठी." घराची पायरी चढताना—"डाव चांगला आहे गे. मज येत नाही. तुज येतो."

 असं म्हणाले त्याचाही राग आला.

१३ मे

अप्पा तंजावुरच्या सामन्यांसाठी नाव देऊन आले. माझं! विचारलंसुद्धा नाही! सामन्यांचे चिटणीस म्हणाले, "बाई?" कृष्णमूर्ती तिथेच होते म्हणे. म्हणाले, "लिहून घ्या. परवा मी तिच्याशीच खेळत होतो."