शिळाछापातली पाठमोरी बाई

६ मे

आणखी एक आलं! शिळाछाप चित्र नंबर चव्वेचाळीस. आमच्या स्वारीने दारातूनच आवाज दिला, "सायो, हात धुतलेस का?" मी म्हटलं, बाळ आणलंय की काय घरी.

बाळच ते. पांढरे सुती हातमोजे घालून पाकीट उघडलं. श्वास रोखून. समास कापलेला नाही, खाली पेन्सिलीने ३१/८०, म्हणजे ऐंशी प्रतींतली एकतिसावी, उजवीकडे चित्रकार कुसाकाबे यांची सही. "समास बघ, समास!" म्हणाले. चित्रात काय आहे ते बघायला अजून अवकाश होता.

चव्वेचाळीस चित्रं, सगळी खेड्यांची. गवती छपरं, बर्फातली पर्सिमनची फळं, पाणी भरलेली खाचरं. आणि हा माणूस माझ्या निगाताच्या माहेरी गेला की चिखल लागेल म्हणून गाडीतून उतरत नाही. दादाने एकदा बार्लीचं शेत दाखवलं तर म्हणाले, "वा, भात जोरात आहे." दादा अजून ती गोष्ट गावभर सांगतो.

८ मे

मोरिवाकी येऊन गेले. निवृत्त दंतवैद्य, ह्यांच्या चित्रसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष. मंडळात सभासद पाच. त्यांच्या हातात भिंग असलं की मला उगीच दाढ दुखल्यासारखी वाटते.

नवं चित्र बघून म्हणाले, "छान आहे आराकावा, पण कोपऱ्यात बाई कशाला? माणूस आला की शांतता गेली."

बाई? मी चहाचा ट्रे ठेवला आणि वाकले. खाचराच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी. वाकलेली, पाठमोरी. डावं कोपर गुडघ्यावर टेकवून उजव्या हाताने रोप लावतेय. डोक्याच्या फडक्याची गाठ मागे न बांधता कानावर बांधलेली.

कपात चहा ओतायचा राहिला. "वहिनी, बरं वाटत नाही का?" असं मोरिवाकींनी विचारलं तेव्हा भानावर आले.

९ मे

सकाळी सांगून टाकलं. "ती माझी आई आहे."

ह्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अगं, हिला तोंडच नाही."

आईला काय तोंडाने ओळखायचं? शेतात आम्हाला तिची पाठच दिसायची. पहाटेपासून पाठ. हाक मारली तरी पाठच उत्तर द्यायची.

"चित्राखाली गावाचं नावसुद्धा नाही," हे म्हणाले. "नुसतं 'उत्तरेकडचं गाव'. अशा हजार बायका असतील."

हजार असतील. कानावर गाठ बांधणारी एकच होती.

१३ मे

चित्र चौकटीसाठी दिलं होतं, ते आज आलं. मोरिवाकींच्या सल्ल्याने भोवतीचा पुठ्ठा डावीकडून दोन बोटं रुंद घेतलाय. खाचरं आहेत, डोंगर आहे, पाण्यात आभाळ आहे. आई नाही.

पुठ्ठ्याखाली गाडली तिला! शांततेसाठी!

मी एकच वाक्य बोलले. "तिने भात लावला म्हणून ते पाणी सुंदर दिसतंय, एवढं त्या दातवाल्याला सांगा."

१४ मे

बोलले नाही.

१५ मे

बोलले नाही. मिसो सूप ह्यांनी स्वतः केलं. मिसो विसरले.

१६ मे

तिसरा दिवस. घरात फक्त हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचा आवाज. चित्रांच्या खोलीत ते बाराही महिने चालतं, बुरशी लागू नये म्हणून. माझ्या खोलीत तसलं यंत्र नाही. मी गेली सहा वर्षं सर्दीने पावसाळा काढते, पण मला बुरशी लागली तरी माझा समास शाबूत आहे, एवढं पुरे.

संध्याकाळी हे चौकट काखेत मारून बाहेर पडले. कुठे ते मी विचारलं नाही.

२० मे

चौकट परत आली. नवा पुठ्ठा, अरुंद. आई दिसतेय. पूर्ण. पायाखालचा चिखलसुद्धा.

हे म्हणाले, "तिथला पुठ्ठा संपला होता, म्हणून असा घेतला." माफी मागता येत नाही तर पुठ्ठ्यावर ढकलायचं. सदतीस वर्षांत मी ह्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द ऐकलेला नाही. बहुतेक तो दुर्मीळ प्रतींच्या यादीत असेल.

३ जून

जेवताना, लोणचं घेता घेता, मान वर न करता — "तीस तारखेपासून ताकासाकीला कुसाकाबेंचं प्रदर्शन आहे. स्वतः येणार आहेत. तुला विचारायचं तर विचार."

"तुम्ही विचारा ना. तुम्ही संग्राहक."

"मला समासाबद्दल विचारायचंय."

बघा!

३० जून

आत्ताच घरी आलो. कपडे न बदलता आधी लिहिते.

कुसाकाबे एकोणनव्वद वर्षांचे. चाकांच्या खुर्चीत बसून गोड पाव खात होते. मी चित्राचा फोटो पुढे केला आणि कशीबशी म्हणाले, "ही बाई... तुम्हाला आठवते का?"

म्हातारा फोटोकडे बघत राहिला. पाव खाली ठेवला. मग एकदम ओरडला, प्रदर्शनातली सगळी माणसं वळून बघायला लागली —

"ए टोपीवाल्या! बांधावरनं उतर आधी! बांध फुटला तर तुझा बाप येनार हाय का बुजवाया?"

आमची बोली! आमचा हेल! आईच! आम्हाला, शेजाऱ्यांना, वाट चुकलेल्या कुणालाही ती हेच सुनवायची.

"असं ओरडली ती मला," म्हातारा म्हणाला. "मी घाबरून रस्त्यावर उभा राहून चित्र काढलं. फार कडक बाई."

मी तिथेच रडले. लहान मुलीसारखी, नाक गळेपर्यंत. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हाही अशी रडले नव्हते. म्हाताऱ्याच्या नातसुनेने कागदी रुमाल दिला.

आणि आमची स्वारी? स्वारी छताचे दिवे न्याहाळत होती! बायको हमसून रडतेय आणि हा माणूस म्हणतो, "इथला उजेड कागदाला घातक आहे."

गाडीत रागाने बोलले, "तुमच्या चव्वेचाळीस चित्रांत एक जिवंत माणूस निघालं, आणि ते माझं निघालं. कळलं का?"

"हं," म्हणाले.

हं!

२ जुलै

दादाला फोन केला. त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "कानावर गाठ? नक्की?" मग बराच वेळ नाक ओढत होता. "चित्रकार कधी आलेला आठवत नाही बुवा मला. पण मी तेव्हा नोकरीवर होतो. दाजींना सांग, मी बघायला येतो. आणि त्यांना म्हणावं, आता तरी गाडीतून उतरा."

हे ऐकून स्वारी हसली. पहिल्यांदाच. मग लगेच विचारलं, "तो हात लावणार नाही ना चित्राला?"

५ जुलै

मोरिवाकी आले. चित्र दिवाणखान्यात लावलेलं बघून ओठ मुडपले. "आराकावा, मंडळाचा कल तुम्हाला माहीत आहे. मनुष्याकृती..."

हे म्हणाले, "त्या माझ्या सासूबाई आहेत."

मोरिवाकींचा कप अर्ध्यावर थांबला. मी आत पळाले, हसू आवरेना. पण मनात आलंच — सासूबाई! जिवंत होत्या तेव्हा वर्षातून एकदा, तेही गाडीच्या काचेआडून. आता भिंतीवर टांगल्यावर नातं आठवलं. चित्र झाल्याशिवाय ह्यांना कुणी आवडत नाही. मीही पुठ्ठ्यात बसले तर माझ्याशी दोन शब्द बोलतील.

११ जुलै

यंत्र बंद पडलं. त्याचं हमीपत्र शोधायला ह्यांचा खण उघडला. कुसाकाबेंचं पत्र होतं, ह्यांच्या नावाने.

"आपण लिहून दिलेलं वाक्य पाठ करायला मला तीन दिवस लागले. बोली माझ्या निगाताकडच्या नातसुनेने घोटून घेतली. चित्र यामागातातलं आहे. निगाताला मी कधी गेलेलो नाही. ती बाईही घरी बसून काढली, कोपरा रिकामा वाटला म्हणून. आपल्या पत्नीला रडताना पाहून मला झोप लागली नाही. असं काम म्हाताऱ्या माणसाला पुन्हा सांगू नये."

आईचं ते वाक्य मी ह्यांना सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकदाच. तेव्हा पेपर वाचत होते.

पत्र होतं तसं घडी घालून ठेवलं. रविवारी दादा येतोय. तो विचारेल. मी सांगणार — आईच आहे.