आडवा रावण

बाबा, काल दिल्लीत, द्वारकेतल्या आपल्या चौकात रावण जळला. मी तिथेच होतो, गळ्यात कॅमेरा होता, रामलीला कमिटीने त्याच कामाला बोलावलं होतं, आणि मी जळतानाचा एकही फोटो काढला नाही. सकाळपासून त्यांचे फोन येताहेत, उचलत नाहीये. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला जरा थांबावं लागतं. दसऱ्याची दुपार मात्र लगेच आठवते.

जेवणं झाली की तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालायचात, कपाटातून कॅमेरा काढायचात आणि मला चौकात न्यायचात. क्रेन अजून यायची असते. बांबू आणि रंगीत कागदाचा रावण जमिनीवर आडवा पडलेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तुम्ही मला त्याच्या मिशीपाशी उभं करता. ‘हसू नकोस, तो चिडेल,’ म्हणता, मी हसतो, आणि तेवढ्यात तुम्ही बटण दाबता. मग थेट घरी. एका वर्षी मी रस्त्यातच बसकण मारली, सगळी मुलं रावण जळताना बघतात, मीच का नाही? तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, ‘उभा राहिला की तो सगळ्यांचा, आडवा आहे तोवर आपला. चल, सोनं वाटायचंय.’ दिल्लीत आपटा कुठला मिळायला, तुम्ही क्वार्टर्समागच्या कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची, पानं तोडून आणायचात. तशीच दिसतात. तीच आपण सोनं म्हणून वाटायचो.

ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. ती भेटली तेव्हा तिला तेच ऐकवलं. ती माझ्या कॉलेजातली. आपल्यासारखंच मराठी घर, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. ‘तुझे बाबा भारी होते यार,’ म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी मी एका सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तिने मला सोडलं नाही. तिचे वडील मात्र कॉलेज अर्धवट टाकून लग्नांत फोटो काढत फिरणाऱ्या मुलाचं नावही घेऊ देत नव्हते. किती समजावून तिने त्यांना काल दुपारी चौकात यायला राजी केलं. फोनवर एवढंच म्हणाली, ‘ते फक्त बघणार आहेत तुला. तू आपलं काम कर. आणि प्लीज, उद्या कोणाशी भांडू नकोस. एक दिवस.’ मी म्हटलं, ‘बिल्कुल.’

ती आली. मी तिला मिशीपाशी उभं केलं. ‘हसू नकोस, तो चिडेल.’ ती हसली. तिचे वडील हाताची घडी घालून बघत होते, पण चेहरा जरा सैल झाला होता. मी आणखी एक फोटो घेणार, इतक्यात क्रेन सुरू झाली. मी हात वर केला, ‘भैया, एक मिनट.’ मागून कमिटीचे एक अंकल आले, माझा खांदा धरून बाजूला सारत म्हणाले, ‘अबे फोटोवाले, हीरोगिरी बाद में. चल हट.’ एवढंच. या शहरात असं रोज कोणीतरी म्हणतं. मी त्यांची कॉलर धरली. काय काय बोललो ते तुम्हाला लिहिता येणार नाही. सोडवायला तिचे वडीलच आले.

मग मी बॅगेतली कचनारची पानं काढून त्यांना दिली, पाया पडलो. त्यांनी घेतली. त्यांच्याकडचं एक पान माझ्या हातावर ठेवलं, ‘सोनं घे’ म्हणाले आणि थांबले. पुढचं ‘सोन्यासारखा राहा’ त्यांनी म्हटलंच नाही. ‘पप्पा, चला,’ ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मागे रावण उभा राहत होता, लोक शिट्ट्या मारत होते. मी फुटपाथवर पाठ करून बसलो तो सगळं विझल्यावरच उठलो.

घरी आई पोळ्या लाटत होती. सगळं ऐकलं आणि लाटणं न थांबवता म्हणाली, ‘त्यांच्यावरच गेलायस.’ मी म्हटलं, बाबा कुठे चिडायचे? ‘तू पोटात होतास तेव्हाचा दसरा. त्याच चौकात, गर्दीत मला कोणाचा तरी धक्का लागला. त्या माणसाला मारायचंच बाकी ठेवलं होतं यांनी. लोकांनी ओढून बाजूला केलं. तेव्हापासून गर्दी व्हायच्या आत जाऊन यायचे. स्वतःचीच भीती वाटायची त्यांना.’

म्हणजे ते वाक्य माझ्यापुरतं बनवलेलं होतं. ते शहाणपण आहे असं समजून मी मिरवत राहिलो, आणि ती होती तुमची पळवाट. बाबा, वाक्य नसतं दिलंत तरी चाललं असतं. पळवाट दाखवायला हवी होतीत. यावर मला राग यायला पाहिजे, पण येत नाहीये. थकलोय.

तिचा मिशीपाशी हसणारा फोटो माझ्याकडे आहे. पाठवलेला नाही. आणि खरं सांगू? हे सगळं मी तिलाच लिहायला बसलो होतो. वर ‘बाबा’ घातलं, कारण तुमचं उत्तर आलं नाही तरी चालतं.