तेवरूची उत्तर खिंड

राळेगाव,
२६ ऑक्टोबर

प्रिय रजत,

हे पत्र मी हाताने लिहिते आहे, आणि त्याचे कारण भावुकता नाही. आपल्या सामायिक फाइलमध्ये लिहिलेले प्रत्येक वाक्य तेवरूचा, आपल्या कल्पित देशाचा, भाग होऊन जाते. तेवरूचा भाग झालेले काहीही एकट्याला खोडता येत नाही, हा नियम आपण दोघांनीच अमरावतीला विद्यापीठात असताना केला होता: एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने केवळ भर घालावी, खोडायचे असल्यास दोघांची संमती हवी. मला एका वाक्यापुरती अशी संमती हवी आहे, आणि ती एक नोव्हेंबरच्या आत हवी आहे. फोनवर मागितली असती तर तू नेहमीप्रमाणे "हो हो, चालते" म्हणाला असतास. ती संमती नसते, ती घाई असते. म्हणून कागद.

नोव्हेंबरच्या लेखन-उपक्रमाची तयारी पूर्ण होत आली आहे. महिनाभर रोज एक विषय, रोज त्यावर आपल्या कल्पित जगाची एक नोंद. ऑक्टोबरमध्ये नकाशे, पंचांग, वजनमापे काय हवे ते करा, पण नोंदीचे एक वाक्यही आधी लिहू नका, हे सारे तुला ठाऊकच आहे. यंदा गटात नवे लोक पुष्कळ आले आहेत. एकाच्या जगात दोन चंद्र आहेत, आणि समुद्राला भरती मात्र आपल्या कोकणासारखीच येते. एकीचे प्रचंड ड्रॅगन उघड्याबोडक्या बेटावर राहतात. ते खातात काय, असे मी विचारले, तर "मॅडम, ते जादूवर जगतात" असे उत्तर आले. मी गट सोडला नाही, एवढेच. तेवरूचे पंचांग मी नव्याने बांधले. मीठवाल्यांच्या बोलीचे विभक्तींचे तक्ते पूर्ण केले. इशाळ नदीच्या खोऱ्यातले उतार तुझ्या जुन्या आकड्यांवरून पुन्हा तपासले. एके ठिकाणी तू नदीला हलकासा चढ चढायला लावला होतास. त्यावर भर घालून मी तिथे एक तलाव केला आहे. नियम मोडलेला नाही.

नकाशा यंदा भिंतीएवढा हवा होता, म्हणून जमीरच्या दुकानात फ्लेक्सवर छापून घेतला. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फलक छापणारा माणूस. त्याने फाइल उघडली आणि बराच वेळ पाहत राहिला. "मॅडम, हा कोन्ता तालुका म्हनायचा? पांढरकवड्याकडला काय?" हा खरा देश नाही, असे मी सांगितले. "मंग अतिक्रमनाचं झंझटच नाई," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याला उत्तरेच्या खिंडीपलीकडची जागा दिसली. तो भाग तू काढणार होतास, म्हणून मी तो कोरा ठेवला आहे. "इतकी जागा खाली काहून सोडली? तुमचा एक फोटो बसवून देतो ना इथं. हात जोडलेला. मस्त शोभून दिसन." मी नको म्हटले. त्याला माझ्याविषयी मनापासून वाईट वाटलेले दिसले.

घरी सर्व ठीक. दादाच्या शेतात गुरुवारी सीतादही झाले. पहिल्या वेचणीआधी वहिनीने कपाशीच्या एका झाडापाशी पूजा मांडली, दहीभात चारी दिशांना शिंपडला, आणि बायका कापूस ठेवायला कमरेला ओटे बांधून ओळीने वेचायला लागल्या. "ताई, तुमीबी टाका ना थोळासा," असे म्हणत वहिनीने माझ्या हातावर दहीभात ठेवला. मी तो टाकला. बोटे गार पडली होती एवढे आठवते. उपक्रमात सुगीच्या विधींचा विषय आहे. तेवरूत असे काही असावे का, याचा विचार मी तिथेच उभी राहून केला आणि तो पूर्ण न करता सोडून दिला. असे हल्ली होते. वर्गात शिकवताना वाक्य व्यवस्थित पूर्ण होते, मुले लिहून घेतात, आणि ते मी बोलले असे वाटत नाही. चहा समोर येतो, त्यावर साय धरते. कुणी विचारले तर मी तयारीत आहे असे सांगते, आणि ते खोटे नाही.

नकाशा खोलीत लावला तेव्हा वहिनी झाडू हातात घेऊनच आत आली. तिने कमरेवर हात ठेवून सगळा देश वरपासून खालपर्यंत पाहिला. "एवढी शयरं, एवढी गावं, आन् ताई, तुमाले याच्यात एक नवरा सापळत नाई?" मग स्वतःच हसली, आणि मी हसत नाही असे पाहून "जाऊ द्या, गंमत केली," म्हणत केर काढू लागली. तिचा हेतू वाईट नव्हता. विनोदाची बांधणीही निर्दोष होती.

तुझी लग्नपत्रिका त्याच आठवड्यात आली. मी ती पूर्ण वाचली. छपाईत दोन चुका आहेत. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त करून पत्रिका देवापाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी वणीहून इंदूबाईंचा फोन आला. तुझ्या आईचा आवाज अजून तसाच आहे, समोरच्याला फोन कानापासून लांब धरायला लावणारा. "निकिता, तू आली पायजे हां बाई! तुलसीचं लगन झालं का मंग आपलंच. रजतचं आजलोक तुह्यावाचून कायी झालं नाई, त लगन कसं होईन? नाई आली त मी बोलनार नाई, पाय!" मी कॉलेजच्या परीक्षांचे कारण सांगितले. फोन ठेवल्यावर काही वाटते आहे का, हे मी तपासून पाहिले. काही वाटत नव्हते. तेवरूतल्या विवाहाच्या चार पद्धती मी लिहिल्या, सोयरसुतकाचे नियम तू लिहिलेस, दोन घराण्यांतल्या बोलाचालीचे तपशीलही आपण ठरवले. आपल्या दोघांविषयी मात्र कोणीच एक वाक्यही लिहिले नाही. त्यामुळे तिथे खोडण्यासारखे काही नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी उपक्रमाच्या अखेरच्या दिवशी विषय स्थलांतराचा होता, आणि नोंद लिहिण्याची पाळी तुझी होती. तू दोनच ओळी लिहिल्यास: "उत्तरेच्या खिंडीतून पलीकडे गेलेले लोक परत आले नाहीत. त्यांना तिकडे बरे वाटले." एवढ्यावर उत्तरेचा अर्धा देश रिकामा झाला. मी समासात तीन आक्षेप नोंदवले होते. "बरे" म्हणजे काय, कोणाला, आणि केवळ बरे वाटते म्हणून कोणता समाज आपली वडिलोपार्जित शेते टाकून जातो? तू खाली लिहिलेस, "तुझं बरोबर असेल." पुढे संक्रांतीनंतर तू लग्नाच्या स्थळाविषयी सांगितलेस, तेव्हा मी अभिनंदन केले. या दोन गोष्टी मी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. एक कथनशास्त्राचा प्रश्न होता, दुसरी बातमी.

या महिन्याची बहुतेक तयारी म्हणजे तुझ्या त्या वाक्याला कारण शोधणे होते. ते खोडण्याची संमती मागावी लागू नये, भर घालून भागावे, अशी माझी इच्छा होती. मी दुष्काळ घालून पाहिला; पण इशाळ आटली तर आधी दक्षिण ओस पडायला हवी, आणि दक्षिणेचे लोक तर जागचे हलले नाहीत. मिठावर जबर कर बसवला. तो सर्वांवरच बसतो. गुरांवर रोग आणला. रोग खिंड पाहून थांबत नाही. युद्ध आणावे, तर तेवरूत कोणाचे कोणाशी वैर नाही, आपण तशी जागाच ठेवलेली नाही. प्रत्येक संकटाने एक तर सगळे गेले असते, नाहीतर कोणीच गेले नसते. अर्धे गेले आणि अर्धे राहिले, याला पुरे पडणारे कारण एकच उरते. कोणी त्यांना हाकलले नाही. मागे काही बिघडले नव्हते. त्यांना तिकडे बरे वाटले. मी हे सगळ्या बाजूंनी तपासले आहे. तुझे वाक्य निर्दोष आहे, आणि मी माझे तिन्ही आक्षेप मागे घेते.

तेव्हा संमती तुझ्या वाक्यासाठी नको आहे. त्या दिवशी तुझ्या दोन ओळींखाली नियमानुसार मीही एक भर घातली होती. तू ती वाचलीस की नाही, मला माहीत नाही. "गेलेल्यांची शेते दक्षिणेतले लोक पेरीत नाहीत, ती त्यांच्यासाठी राखून ठेवली जातात." हे वाक्य माझे असले तरी तुझ्यावाचून मला खोडता येत नाही. यंदा पहिल्या दिवसाचा विषय अन्न हा आहे. अर्धा देश पडीक ठेवून उरलेल्यांना पुरेल इतके धान्य होत नाही. कसेही मांडून पाहिले तरी होत नाही. खिंडीच्या अलीकडची जमीन काळी आणि खोल आहे, तसे तूच लिहिले आहेस. तिच्यात नांगर घालायचा आहे. फाइलमध्ये माझ्या त्या ओळीखाली फक्त "संमत" असे लिही. त्यापुढे काही लिहू नकोस, भर म्हणूनसुद्धा नको. लग्नाला मी येणार नाही. आईंना परीक्षांचेच कारण सांग.

तुझीच, पण ती ओळ खोडली जाईपर्यंत,
निकिता