उशीतला खळगा

३ मार्च

चुकलंबिकलं तर हसू नकोस. शाळा आठवीतच सुटली, आणि ह्या जुन्या फोनवर एका बोटाने टाइप करते — गोगलगाय बरी! तोंडाने बोलायचं तर माझी दातखीळ बसते, म्हणून ही डायरी.

रविवारी निघायचं. नवऱ्याला नव्या मोठ्या हॉटेलात काम मिळालंय, समुद्रापलीकडे. मी हो म्हटलंय. पोटातून नाही म्हटलंय.

४ मार्च

त्याला म्हटलं, जायच्या आधी एकदा कप्तानाचं घर बघू. "जन्म इथं गेला आणि आता तिकीट काढून बघणार?" — हसला. आई तिथं साफसफाई करायची, ते त्याला माहितीय. उशीचं नाही सांगितलं.

कप्तान मरून शंभरावर वर्षं झाली, घराचं आता संग्रहालय झालंय. पण बघायला येणाऱ्यांना वाटलं पाहिजे की तो आत्ताच उठून गेलाय. म्हणून चष्मा उघडा, चादर अर्धी बाजूला, उशीत खळगा. आई रोज उशी झटकायची आणि स्वतःचं डोकं टेकवायची. "हाताने दाबलं की खोटं दिसतं गं. डोकंच पाहिजे."

आई गेली तेव्हा तिकीट-खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या, "उशीला आम्ही हात लावणार नाही. शेवटचा खळगा तिचाच राहू दे."

५ मार्च

जाऊन आलो. आज लिहवत नाही.

६ मार्च

जिन्यात तोच पॉलिशचा वास. "आधी पाय पूस" — आईचा आवाज कानात आला! मी खरंच पुसले. नवरा म्हणाला, "कप्तान ओरडेल काय?"

पलंगापुढे दोरी. खळगा होता. डावीकडे जरा खोल — आई त्याच कुशीवर झोपायची.

मी बघतेय तोवर हा दोरीवरून वाकला आणि थप, थप! उशी सपाट. वर कोपरेही ओढले. लॉजवर दिवसभर पलंगच लावतो ना, हात आपोआप गेला. "सवय गं!" म्हणत वळला. मग माझं तोंड बघितलं.

मावशी धावत आल्या. "अहो जावईबापू, काय केलंत हे!" सगळं त्यांनीच सांगितलं त्याला. तो पांढराफटक. "मला का नाही बोललीस?"

काय सांगू! बोलता आलं असतं तर इथं बोट झिजवत बसले असते?

मावशींनी दोरी सोडली. "ये. तूच टेकव आता."

टेकवलं. उशी गरम होती. त्या खोलीत ऊन येत नाही, पडदे कायम बंद. तरी एका बाजूने गरम — कुणीतरी मला जागा करून सरकल्यासारखं.

उठले, तर खळगा तस्साच. डावीकडे खोल. मी उजव्या कुशीवर झोपते.

मावशी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

८ मार्च

माझं काहीतरी तिथंच राहिलंय. घरची उशी गारठलेली लागते. पण आईला एकटं टाकून चाललेय, असं आता वाटत नाही. सामान मीच बांधलं. कपबशा गुंडाळताना नवरा हळूच म्हणाला, "खरंच येतेस ना?"

"येते रे बाबा!"

पहिल्यांदाच खरं बोलले.

९ मार्च

फोन आला. तिकडचं हॉटेल उघडायच्या आधीच मालकाने विकलं. काम नाही. जायचं नाही.

नवरा खोक्यावर बसलाय. मला आनंद व्हायला हवा होता. मी रडतेय — मोठ्याने! शेजारच्या काकू दार ठोकतायत.