निळ्या फुल्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

नोकरी लागली! टोकियोत एदोगावाबाशीच्या ज्या गल्ल्यांत अजून दिवसभर छपाईची यंत्रं खडखडतात, तिथल्या एका बंद पडलेल्या पुस्तकांच्या बांधणीखान्यात नुकागाबाईंची गॅलरी आहे. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, तोंडाने तिखट. आल्या आल्या म्हणाल्या, त्सुबोई, हात दाखव बघू. दाखवले. नखांच्या कडांना बारा वर्षांची शाई बसलीय, ती काही केल्या निघत नाही. म्हणाल्या, बरे आहेत, कामाचे दिसताहेत.

बारा वर्षं मी एका मांगाकाराकडे, म्हणजे चित्रकथा काढणाऱ्याकडे, मदतनीस होते. काम एकच, काळं भरणं. सर रेघा काढायचे, जिथे काळं हवं तिथे फिकट निळ्या पेन्सिलीने फुली मारायचे, आणि आम्ही फुली दिसेल तिथे शाई भरायचो. तो निळा रंग छपाईत उठत नाही. नायिकांचे केस, गुंडांचे कोट, किती आकाशं, सगळी या हाताने काळी केली. मग सर संगणकावर गेले आणि मी घरी बसले.

इथे पंधरा तारखेला सात जणांचं प्रदर्शन उघडतंय. चार चित्रकार, तीन मांगावाले. मांगावालेही दुकानात न मिळणारे, आपलं आपण छापून हातोहात विकणारे. मला चौकटी बसवायच्या, पानं टांगायची, पाट्या लिहायच्या. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी आपल्या डब्यातला खारवलेल्या आंबट उमेबोशी फळाचा भाताचा गोळा मला दिला. किती दिवसांनी कुणीतरी मला जेव म्हणालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चांगली भिंत कुणाची यावरून सकाळपासून जुंपली. एक चित्रकार म्हणाला, मांगावाल्यांच्या कागदात उद्या मासळी बांधतील. त्यावर दाढीवाला मांगाकार म्हणाला, बांधू देत की, मासळी निदान विकली तरी जाते, तुझं चित्र गेल्या तीन प्रदर्शनांत त्याच खिळ्यावर आहे. मी शिडीवर होते, हसू आवरेना.

ती भिंत शेवटी चित्रकारांतल्या सर्वांत ज्येष्ठ किरियामा सेन्सेईंना, गुरुजींना, मिळाली. एकोणऐंशी वर्षांचे, बुटके, टोपी कधी न काढणारे. नऊ फूट रुंद चित्र आहे आणि अजून पुरं झालेलं नाही, म्हणून रोज दुपारी इथेच येऊन रंगवतात. त्यांच्या गावाचं चित्र. वळचणीला सोलून ओवलेल्या काकीच्या नारिंगी फळांच्या माळा, खाली नदी. ते गाव पन्नास वर्षांपूर्वी धरणात गेलं. फोटो एकही नाही. सांगत होते, पोरी, ते आता या दोन डोळ्यांच्या मागेच उरलंय, भिंतीवर उतरलं की मी मोकळा. मला त्यांचा फार लळा लागलाय. त्यांना काळं भरण्याची गंमत वाटते, फुलीचं सगळं खोदून खोदून विचारून घेतलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वाकुईची पानं आली. हा तिसरा मांगाकार कावागोए शहरातल्या आपल्या घरातून नऊ वर्षं बाहेर पडलेला नाही. थोरली बहीण फुमिएबाई पानं कापडात बांधून घेऊन आल्या. बाईंनी त्याला गॅलरीचे फोटो पाठवले होते, त्यावरून त्याने हीच गॅलरी काढलीय. दाराचा जुना कडीकोयंडासुद्धा बरोब्बर. फुमिएबाई म्हणाल्या, आहेत तशी लावा. आणि गाडी चुकेल म्हणून लगेच गेल्या.

सहाव्या पानावर स्टुलावर बसलेला एक म्हातारा आहे, मागे मोठं चित्र. त्याच्या दोन्ही डोळ्यांत निळी फुली तशीच राहून गेलेली. मला राहवेना. आमच्याकडे राहिलेली फुली दिसली की विचारायचं नसतं, भरून टाकायची. विचारलं की बोलणी बसतात. दोन मिनिटांचं काम. शाई छान बसली. हात अजून गेलेला नाही याचाच आनंद झाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

सेन्सेईंनी तीनदा दिवे वाढवायला सांगितले. सगळे लावलेले होते. तांबड्याऐवजी तपकिरी रंग उचलला आणि मग स्वतःवरच हसले. जाताना स्टुलाला अडखळले.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल सकाळपासून सेन्सेईंना दिसत नाही. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे निरोगी आहेत, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. सून हाताला धरून त्यांना इथे घेऊन आली, कारण घरी बसवेना. चित्रासमोर बसले. फक्त डावा कोपरा राहिलाय, नदीकाठचा, त्यांच्या घराचा. बोटांनी कॅनव्हास चाचपत होते. म्हणाले, शाईच्या बाटलीत डोकं घातल्यासारखं वाटतंय.

त्यांनी शाई म्हटलं आणि माझी मान सहाव्या पानाकडे वळली. बसण्याची ढब तीच. टोपीही तीच. वाकुईला पाठवलेल्या फोटोंत सेन्सेई नव्हते. मी बाईंना विचारून खात्री केली.

माझ्या हातून हे झालं असेल तर मी कुठे तोंड दाखवू?

११ नोव्हेंबर, मंगळवार

फुमिएबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी पान पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, तो फुल्या मारतो, भरत मात्र नाही. पूर्वी मदतनीस होते, ते भरायचे. तेव्हा काय काय झालं ते नका विचारू. त्याला माणसांवर फुल्या दिसतात, त्याचा इलाज नाही. म्हणून तर म्हटलं, आहेत तशी लावा.

मी म्हटलं, पुसता येईल, पांढरा रंग आहे माझ्याकडे, चुकलेल्या रेघेवर लावतो तो. त्या म्हणाल्या, नको हो. मी ऐकलं नाही. त्या गेल्यावर दोन्ही डोळ्यांवर पांढरा लावला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सेन्सेई आले. आता काळं नाही म्हणाले, सगळं पांढरं दिसतंय. मी धीर करून विचारलं, कोपऱ्यात काय यायचंय? त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग विचारलं, पोरी, मी कशाचं चित्र काढत होतो गं?

मी मागच्या खोलीत जाऊन पात्याने पांढरा खरवडला. कागद फाटू नये म्हणून श्वास रोखून. खालचं काळं पुन्हा वर आलं. बाहेरून सेन्सेईंचा आवाज आला, काकी, हो, काकीच्या माळा, आणि पुन्हा अंधार झाला बघा.

गाव परत आलं. नजर नाही. मी भिंतीला डोकं टेकून रडले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या टपालाने वाकुईचं नवं पान आलं. एक बाई, हातात कुंचला. नखांच्या कडा काळ्या. डोळ्यांत दोन निळ्या फुल्या.

फुमिएबाईंना फोन केला. त्यांनी पान कसं आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, काळं कमी होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जागा बदलतं, एवढंच तो म्हणतो. पण तुम्हाला कुणी हे करा म्हणालेलं नाही. पान जाळून टाका आणि घरी जा.

सेन्सेईंच्या कोपऱ्याला दोन दिवस पुरतील. माझ्याकडे काय आहे? हे हात, तेही दुसऱ्याच्या रेघांत रंग भरणारे. आणि चूक माझीच.

सेन्सेईंना सांगणार नाही. सांगितलं तर ते होऊ देणार नाहीत.

घाबरलेय. खूप घाबरलेय. खिडकीतून गल्ली बघून घेतली. कागदांचे गठ्ठे, पोरांच्या सायकली, समोरच्या आजीने वाळत टाकलेली गादी. आता भरते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वहीवर पट्टी धरून लिहितेय. ओळी एकमेकींवर चढत असतील.

काळं. सगळीकडे एकसारखं. चांगलं भरलं म्हणजे.

सेन्सेईंना सकाळी सात वाजता दिसू लागलं! सुनेचं तोंड आधी दिसलं म्हणे, तिला म्हणाले, किती वाळलीस. धावत आले. दिवसभर रंगवत होते. मी कुंचल्याचा आवाज ऐकत बसले. घर झालं, पायरी झाली, नदी उद्या सकाळी.

माझ्या डोळ्यांचं कळलं तेव्हा त्यांनी माझे हात धरले. मी म्हटलं, जुना आजार आहे. नुकागाबाई म्हणाल्या, खोटारडी कुठली. आणि मला घरी न्यायचं ठरवून टाकलं. आंघोळीचं पाणीसुद्धा त्यांनीच काढून दिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन. दुपार. कोपऱ्यात खुर्चीवर आहे, मांडीवर वही. माणसं खूप. नदी पुरी झाली. लोक गप्प उभे राहिले होते त्या भिंतीसमोर, ती शांतता मला ऐकू आली. आता मरायला हरकत नाही असं वाटलं.

फुमिएबाई आल्या नाहीत. वाकुईचं शेवटचं पान आज सकाळी टपालानेच आलं. दाढीवाल्याने तसंच टांगलं. मला कुणी सांगितलं नाही—

सेन्सेई बाजूला आले. म्हणाले, पोरी, नवं पान बघ— चुकलो, ऐक. आजचंच दृश्य आहे. सगळी मंडळी पेले उंचावून उभी. चाळीसेक तरी. आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तुझ्या त्या फुल्या. केवढं काम राहिलंय म्हणाले.

मी म्हटलं, तसंच राहू द्या. तसंच लावायचं असतं.

हसले. म्हणाले, तू माझ्यासाठी काहीतरी केलंयस, काय ते कळत नाही, पण केलंयस. मला आता दिसतंय, तुला नाही. तू बस, तुझं काम मी करतो. माझ्या पिशवीतली शाईची बाटली उचलली. बूच— ऐकलं मी.

मी ओरडले. त्याच वेळी पेले किणकिणले आणि सगळे कानपाई म्हणून ओरडले. पुन्हा ओरडले. कुणीतरी खांदा थोपटला, आनंदाने रडतेय असं वाटलं बहुतेक. उठले तर खुर्ची आडवी, पडले. वही हाताखाली. सेन्सेईंचा आवाज वरून, डावीकडून सुरू करतो, पहिली आपली नुकागाबाई—

बाई पलीकडे हसताहेत. दाढीवाल्याला काहीतरी सांगून—

हसणं थांबलं.

विचारताहेत, त्सुबोई, अगं हे दिवे कुणी