शाळेच्या पत्त्यावरची पत्रं

६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल शाळेत पोचलं. शिपाईदादांनी ते ग्रंथालयात आणून, इकडेतिकडे बघून, माझ्या टेबलावरच्या शब्दकोशाखाली सरकवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंचं काहीतरी प्रकरण चालू आहे, अशी त्यांची खात्री झालेली दिसते. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला हल्ली हसू येत नाही.

तुमच्या भावाचं वजन बेचाळीसवर आलं आहे. पोटातलं पाणी परवा पुन्हा काढलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की दुखण्यावरचं औषध आता वाढवावं लागेल, मग ते बहुतेक वेळ झोपूनच राहतील. काय बोलायचं असेल ते दोन-तीन आठवड्यांत बोलून घ्या. मी मान हलवली आणि आत जाऊन यांना सांगितलं की डॉक्टर खूश आहेत.

ताई, तीन वर्षं झाली या कॅन्सरला. एक ऑपरेशन, दोनदा केमो. मी एकदाही दमले म्हटलं नाही. पण गेल्या मार्चमध्ये डॉक्टरांनी आता उपाय उरला नाही असं सांगितलं, तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या जिन्यात मला यांच्या गळ्याची शपथ घातलीत की त्याला हे कळू द्यायचं नाही. त्या शपथेला अकरा महिने झाले. अकरा महिने मी रोज सकाळी पडदा सारते आणि आज चेहरा टवटवीत दिसतोय असं म्हणते. सातव्या वर्षी एकदा खोटं बोलले, तर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्याकडून शंभर ओळी लिहून घेतल्या होत्या. आताच्या खोट्याला किती वह्या लागतील?

मला त्यांचा निरोप घ्यायचा आहे. हसऱ्या तोंडाने नाही, खराखुरा. मला शपथेतून मोकळं करा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून उलट टपाली लिहा, शाळेच्याच पत्त्यावर.

गुडघा सांभाळा. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
छोटी


१० फेब्रुवारी

चि. सौ. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा दोनदा गार झाला. तुझं ते मोत्यासारखं कॉन्व्हेंटचं अक्षर कुठे गेलं? डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं दिसायला लागलंय. यावरूनच कळतं की तू दमली आहेस, आणि दमलेल्या माणसाने मोठे निर्णय घ्यायचे नसतात.

मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. कोणाला किती सांगावं हे मला कळतं. आमच्या वडिलांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते एकविसाव्या दिवशी उचलेपर्यंत. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होता. आई आधीच गेलेली. त्याला मी वाढवला आहे, तो किती हळवा आहे हे मला विचार. वडिलांची झाली तशी अवस्था मी त्याची होऊ देणार नाही.

शपथेतून तुला सोडत नाही. काय ओकायचं ते माझ्याजवळ ओक, पत्र लिहून. रडायचं असेल तर न्हाणीघरात नळ सोडून रड. आमच्या नर्सेस तेच करायच्या. त्याच्यासमोर मात्र हसूनच जा. एवढे महिने निभावलंस, आता थोडं राहिलं.

आशीर्वाद आहेतच. माझं ऐकशील हा भरवसाही आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

नळ सोडून रडायची तुमची सूचना वाचली. ती वाचल्यावरच ठरवलं. काल रविवारी सकाळी मी पडदा सारला, पण टवटवीत म्हटलं नाही. मग मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी हात टेकले आहेत, आज नाही, गेल्या मार्चमध्येच.

यांनी चष्मा काढला, चादरीला पुसला, आणि विचारलं की हे सांगायला एवढा वेळ का लावलास.

ताई, त्यांना माहीत होतं. एप्रिलपासून.

कसं ते वाचा, आणि मग दोघींनी मिळून कपाळावर हात मारून घेऊ. ज्या माणसाने चौतीस वर्षं टपालाच्या हॉलमध्ये उभं राहून पत्रं निवडली, कोणाचंही गिचमिड अक्षर लागलं नाही की अख्खा हॉल ज्याच्याकडे पाकीट घेऊन धावायचा, त्याच्यापासून गोष्ट लपवायला आपण टपालाचाच आधार घेतला! शहरात येणारं प्रत्येक पाकीट त्याच हॉलमधल्या कप्प्यांतून जातं. तुमचं तिरकं अक्षर तिथे सगळे ओळखतात. घरी त्यांना हवापाण्याचं एक पत्र आणि शाळेत मला दुसरं, अशी दोन्ही तुम्ही एकाच पेटीत, एकाच दिवशी टाकत होतात. यांचा मित्र जाड्या अजून तिथेच नोकरीला आहे. एप्रिलमध्ये तो गप्पा मारायला आला आणि चेष्टेत म्हणाला की ताईंना हल्ली भावजयीचा फारच उमाळा येतो, नवऱ्याच्या चोरून शाळेत पत्रं पाठवतात. यांना कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मग मी ओरडले. एवढी ओरडले की शेजारीण दार ठोठावायला लागली. औषधाचा पेला भिंतीवर फेकला. कळलं होतं तर बोलला का नाहीत? त्यावर ते म्हणाले की तू सकाळी इतक्या कष्टाने हसत यायचीस, ते मोडायला जीव होईना. म्हणजे मी त्यांच्यासाठी खोटं बोलत होते आणि ते माझ्यासाठी खोटं ऐकत होते! अकरा महिने, ताई! एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर!

संध्याकाळी दोघंही दमल्यावर ते म्हणाले की मला भीती वाटते. तेवढंच त्यांना कोणालातरी सांगायचं होतं. आणि मी सांगू दिलं नव्हतं.

तुमच्यावर आयुष्यात इतकी कधी रागावले नव्हते. यापुढे पत्र घरी पाठवा. लोभाची विनंती आज करवत नाही.

छोटी


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

अक्षरावर जाऊ नकोस. असं पाकीट हॉलमध्ये आलं असतं तर मीसुद्धा हात जोडले असते.

बाईसाहेबांनी मला तुझं पत्र दाखवलं. वडिलांबद्दल तू लिहिलं आहेस ते चूक आहे. कळलं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं नाही. सांगून झाल्यावर घरातलं कोणी त्यांच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही, म्हणून फिरवलं. तू आत यायचीस, ताप बघायचीस, उशी ठीक करायचीस, आणि बरं वाटतंय ना असं विचारून निघून जायचीस. मी त्याच खोलीत झोपायचो. तुझी चूक नव्हती, तू एकवीस वर्षांची पोर होतीस. पण सत्तराव्या वर्षी तीच चूक हुकूम म्हणून काढलीस, याचा मला राग आला आहे. आजारी माणसाने रागावू नये असं तुम्हा मेट्रन लोकांचं म्हणणं असेल, तर असो.

तू बॅग भरत असशील. येऊ नकोस. तू आलीस की घराचा ताबा घेशील, उशा ठीक करशील, आणि ही मुकाट्याने स्वयंपाकघरात जाईल. माझ्याजवळ जे दिवस उरले आहेत ते तिचे आहेत. तिला ते भांडायला हवे असतील तर भांडू दे.

तुझ्या हातचा मार खाऊन मोठा झालेला,
धाकटा


२१ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मायना लिहिताना सवयीने हात सौ.वर गेला आणि मग तुम्ही त्यावर रेघ मारलीत. दुसरा कागद घ्यायला काय झालं होतं? ती रेघ बघून मी पत्र कोपऱ्यात फेकलं. दुपारी पुन्हा उचललं.

शेवटचे दिवस कसे गेले असं विचारलं आहेत. आम्ही भांडलो. तेहतीस वर्षांत राहून गेलेलं सगळं भांडून घेतलं. मी लोकांसमोर त्यांचे इंग्रजी उच्चार सुधारायची, ते त्यांना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून लागत आलं होतं. माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत, हे मी काढलं. त्यावर क्षमा नाही की काही नाही. ते कार्यक्रम भयंकर कंटाळवाणे असतात असं म्हणाले. मला इतकं हसू आलं की त्यांची दाढी करताना वस्तरा खाली ठेवावा लागला. भीतीबद्दल रोज बोलायचे. मी भिऊ नका म्हणत नव्हते, नुसती ऐकायची. एके दिवशी त्यांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले की आता तुझा निरोप घेतो, पुढे शुद्ध राहील न राहील. मी बरं म्हणाले. तो निरोप मला मिळाला. अकरा तारखेला दुपारी, मी पाय चोळत असताना, ते गेले.

आता जे लिहायचं आहे ते.

तुम्ही लिहिलं आहेत की तो येऊ नकोस म्हणाला, म्हणून भरलेली बॅग पलंगाखाली ठेवून बसून राहिले, तो गेल्यावरही निघाले नाही. शेवटपर्यंत त्याला मी नको होते, हे आता सोसायला शिकते आहे, असंही लिहिलंत. ताई, तसं नव्हतं. आठ तारखेला सकाळी ते म्हणाले की पुरे झालं, ताईला बोलव. जाड्या समोरच होता, तुमच्या शेजाऱ्यांकडे लगेच फोन करतो म्हणाला. मी त्याला सांगितलं की मी करते. नाही केला. नऊ तारखेला त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा निरोप गेला आहे, ताई निघाल्या आहेत, असं मी सांगितलं. इतकं सगळं खरं बोलून झाल्यावर, तोंडावर खोटं. दहा तारखेला औषध वाढवलं. तरी डोळे उघडले की ते दाराकडे बघायचे.

मुद्दाम केलं. माझे अकरा महिने तुम्ही घेतलेत, हे उरलेले दिवस मी देणार नाही, असं डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यांचं काय होईल याचा विचार केला नाही. तुम्हीही केला नव्हता.

मी बोलले नसते तर तुम्हाला हे कधीच कळलं नसतं. जाड्यालाही मी फोन केला असंच वाटतं. पण भावाला तुम्ही नको होतात असं समजून तुम्ही तिकडे एकट्या बसणार, आणि मी इकडे गप्प राहणार, हे मला जमणार नाही. त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. दोनदा.

बॅग भरलेलीच असेल तर या. माझ्या तोंडावर बोला काय बोलायचं ते. मोठ्याने बोललात तरी चालेल, शेजारणीला सवय झाली आहे. समजुतीचं पत्र मात्र पाठवू नका. मोठ्या मनाने क्षमा तर मुळीच करू नका, मला ती पेलणार नाही.

राग असू द्यावा. लोभाचं समोर बसून ठरवू.

छोटी